गादीचे घराणे

मराठीत गादी हा शब्द मोठ्या घरचा आहे. छत्रपतींची गादी, मठाची गादी, सावकाराची गादी. गादीवर बसणे म्हणजे सत्ता हाती येणे. अंथरण्याच्या वस्तूला राज्यपदाचा मान मिळाला याचे कारण उघड आहे. पुष्कळ पिढ्या मऊ अंथरूण मोजक्यांच्याच वाट्याला येत असे. आमच्या कुडव्याच्या आसपास, या धानाच्या मुलखात, बाकीच्यांना तणीस होती. तणसावर चटई, चटईवर गोधडी. थंडीत तणीस ऊब देते हे खरे. पण ती गोधडीतूनही टोचते. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी पौषातली एक रात्र तिच्यावर काढून पाहावी.

मध्यमवर्गीयांच्या घरी गादी आली ती पिंजाऱ्याच्या हातून. दिवाळीच्या तोंडावर तो खांद्यावर पिंजण टाकून गल्लीत येई. वर्षभर दबून गोळे झालेला कापूस गादी उसवून बाहेर काढायचा, पिंजणीच्या तातीवर तो उडवायचा, धूळ झाडायची, धुतलेल्या खोळीत भरायचा आणि टाके घालायचे. संध्याकाळी तीच गादी दुप्पट फुगून अंगणात पडलेली असे आणि आम्हा मुलांना तिच्यावर उड्या मारण्याची सक्त मनाई असे. नवी गादी घेणे ही लग्नकार्यातली गोष्ट. एरवी जुनीच नवी व्हायची. ‘पोलिसांनी सारा परिसर पिंजून काढला’ असे माझे विद्यार्थी निबंधात सर्रास लिहितात. पिंजण पाहिलेली आहे का, असे एकदा वर्गात विचारले. एकही हात वर झाला नाही.

या धंद्यात कंपनी शिरली ती कापसाच्या नव्हे, नारळाच्या वाटेने. १९६२ साली मणिपालच्या पै घराण्यातील टी. रमेश पै यांनी पुढे ‘कर्ल-ऑन’ या नावाने घरोघर गेलेला उद्योग सुरू केला. हे घराणे मुळात पैशांची गादी सांभाळणारे. १९२५ साली उडुपीत निघालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक झालेल्या पेढीच्या संस्थापकांत उपेंद्र अनंत पै, डॉ. टी. एम. ए. पै आणि वामन कुडवा अशी तीन नावे येतात. (हे कुडवा आणि आमचे कुडवा यांचा काही संबंध नाही, पण आमच्या गावकऱ्यांना सांगितले तर ते तो जोडल्याशिवाय राहणार नाहीत.) दारोदार जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव याच बँकेने १९२८ साली चालू केली. ज्यांनी मध्यमवर्गाचे दोन आणे ओळखले, त्यांच्याच घरातल्या एकाने पुढे त्याची पाठही ओळखली, असे मला गमतीने म्हणावेसे वाटते.

नावातला ‘कर्ल’ उगाच आलेला नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या आधी दोरासारखा पिळायचा, पीळ पक्का बसला की तो उलगडायचा. मग प्रत्येक तंतू कुरळा होतो आणि दाबला तरी पुन्हा वर येतो. त्या कुरळ्या तंतूंवर रबराचा चीक फवारायचा, थर दाबायचे आणि उष्णतेने रबर पक्के करायचे. दोन झाडांची ही जोडी सपाट राहते, तिच्यात गोळे होत नाहीत आणि दरवर्षी उसवावीही लागत नाही. घरातल्या बायकांना ती आवडली यात नवल नाही. कापसाची भिजलेली गादी गच्चीवर चढवून पाहा. मग पिंजाऱ्याविषयीचा कळवळा थोडा आवरता येईल.

सामान्यांना मऊपणाचा वाटा देण्यात मात्र कंपन्यांइतकेच श्रेय एका मराठी माणसाचे आहे. राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. तोवर दुसऱ्या वर्गात रात्र काढायची ती उघड्या लाकडी फळीवर. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम बसवला. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या गोंदियावरून जाणारी गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीही त्या वेळी वर्गभेद न ठेवता. या दोन इंचांनी किती पाठी वाचल्या याची मोजदाद कोण करणार? मला विचाराल तर गादीच्या इतिहासात यापेक्षा मोठे पान नाही.

काथ्याच्या पाठोपाठ फोमचे राज्य आले. पॉलियुरेथेनचे हे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली शोधले. आपल्याकडे १९७१ साली शीला गौतम यांनी शीला फोम ही कंपनी काढली. ‘स्लीपवेल’ ती हीच. या बाई पुढे चार वेळा अलीगढच्या खासदार झाल्या. आणि २०२३ साली शीला फोमने कर्ल-ऑनचे एकूण मोल २,१५० कोटी रुपये धरून तिचा ९४.६६ टक्के हिस्सा विकत घेण्याचे ठरवले आणि तो घेतलाही. म्हणजे फोमच्या गादीने काथ्याची गादी जिंकली. गाद्यांच्या लढाया आम्ही इतिहासात वाचल्या होत्या. या अशाही असतात.

या इतिहासात एक हिशेब कुणी मांडत नाही. कापूस पुन्हा पिंजता येतो, फोम येत नाही. कंपनी काही वर्षांची हमी देते. ती वर्षे संपली की गादी नवी होत नाही, तिचा कचरा होतो. औंदा दिवाळीआधी आम्ही आईसाठी काथ्याची गादी घ्यायला गोंदियाच्या बाजारात गेलो. जुनी द्या, नवीवर सूट घ्या, अशी योजना होती. आईची कापसाची गादी तिच्या लग्नातली.

“अन् जुनीचं काय करता तुम्ही?” तिने दुकानदाराला विचारले.

“काही नाही आजी, फेकतो.”

तिने सूट नाकारली. नवी गादी पूर्ण किमतीला आली आणि जुनी मी स्कूटरवर बांधून पिंजारीचाचांकडे नेली. खांद्यावरची पिंजण गेली. आता त्यांच्या शेडमध्ये विजेचे यंत्र आहे. त्यांच्या मुलाने हा धंदा धरला नाही, तो मोबाइल दुरुस्त करतो.

“सर, आता लोकं गादी भरून नाही घेत,” चाचा उसवता उसवता म्हणाले, “विकतच आनते. पन तुमच्या आईचा कापूस चांगला आहे. लांब धाग्याचा. असा आता भेटत नाही.”

काट्यावर तो अकरा किलो भरला. एक किलोभर धूळ निघाली. उरलेल्या दहांत नातवांसाठी एक लहान गादी, दोन उशा आणि ओसरीवरचा लोड झाला. मजुरी नव्या गादीच्या सुटीहून थोडी जास्त पडली.