फाटक्या कपड्यांचा हिशेब

परवा टपरीवर आमचा एक कवीमित्र म्हणाला, हिप्प्यांनी जग बदललं. मी विचारलं, कुणाचं? गडी गप्प. मग मीच बोलतो.

1967 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरीत हजारो पोरं जमली. बहुतेक गोरी, बऱ्या घरची. घर सोडलं, केस वाढवले, फाटकं घातलं. मुद्दाम फाटकं घालायला आधी कपाटात धड असावं लागतं, राव! माझ्या आईनं जन्मभर ठिगळं लावली, तिला कुणी बंडखोर म्हटलं नाही. आणि तिथंच जवळ फिलमोर, काळ्यांची वस्ती. पुनर्विकासाच्या नावाखाली त्याच वर्षांत तिच्यावर बुलडोझर चालत होता. तिथली माणसं घर सोडत नव्हती, त्यांना घरातून काढत होते. पण त्या उन्हाळ्याच्या आठवणी निघतात त्या फुलांच्या. बुलडोझरच्या नाही.

सगळंच बोगस होतं असं मी म्हणणार नाही. व्हिएतनामसाठीची सक्तीची भरती 1973 ला थांबली, तिच्यात त्या पिढीच्या नकाराचा वाटा आहे. हेटमधला फुकट दवाखाना, 1970 चा पहिला वसुंधरा दिन, हेही त्याच हवेतलं. पण भांडवलशाहीनं काय काय पचवलं बघा. स्ट्युअर्ट ब्रँडचा 1968 चा 'होल अर्थ कॅटलॉग', त्याचे गोडवे 2005 साली कोण गातो? ॲपलचा स्टीव्ह जॉब्स. यिप्प्यांचा पुढारी जेरी रुबिन 1980 ला थेट वॉल स्ट्रीटवर नोकरीला. अन् फाटकी जीन्स आज मॉलमध्ये, नवीकोरी.

जे पचलं नाही त्याचं काय झालं? खाडीपलीकडे ओकलंडमध्ये 1966 ला ब्लॅक पँथर उभे राहिले. 1969 पासून शाळकरी पोरांना सकाळची न्याहारी घालू लागले. गांजा नाही, न्याहारी! एफबीआयला त्याचीच धास्ती. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी घरात घुसून फ्रेड हॅम्प्टनला बिछान्यातच गोळ्या घातल्या. वय 21. वुडस्टॉकच्या जत्रेला चार महिनेही झाले नव्हते.

1972 ला मुंबईत आपली पोरं एकत्र आली तेव्हा हिप्पी हणजुणेच्या किनाऱ्यावर होते. गोवा जवळ होता. नाव मात्र ओकलंडचं घेतलं.

कवीमित्राला शेवटी एवढंच म्हणालो, आपल्या गल्लीत पाडकामाची नोटीस लागलीय, उद्या सकाळी वॉर्ड ऑफिसवर येतोस का? अजून उत्तर नाही.