कच्ची वही, पक्की वही

व्यापाऱ्याच्या पेढीवर पूर्वी दोन प्रकारच्या वह्या असत. दिवसभरातले व्यवहार घडतील तसे कच्च्या वहीत टिपले जात. गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली, की त्याच नोंदी तपासून आणि बेरजा ताडून पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवल्या जात. कच्च्या वहीत खाडाखोड असे, अक्षर वेडेवाकडे असे. पण त्याबद्दल मुनीमजींना कोणी बोल लावत नसे. घडलेली गोष्ट विसरली जाण्यापूर्वी कागदावर आणणे, एवढेच त्या वहीचे काम होते.

लेखनालाही अशा दोन वह्या लागतात. अर्ज असो, पत्र असो, निबंध असो की आठवणींचे एखादे पान असो, मनातला मजकूर आधी कच्चा उतरतो आणि मग पक्का होतो. या कच्च्या लेखनाला खर्डा म्हणतात. कागद आणि पेन वापरून लिहिताना खर्डा व अंतिम प्रत यांच्यात आपोआप अंतर पडत असे, कारण प्रत नव्याने लिहावीच लागे. संगणकाने हे कष्ट वाचवले आणि ते वाचवताना हे अंतरही पुसून टाकले. आता पहिलेच वाक्य छापील अक्षरात उमटते. शब्द लिहून होतो न होतो तोच त्याखाली लाल नागमोडी रेघ येते. मोबाइलवर तर पुढचा शब्द यंत्रच सुचवते आणि लिहिणारा पुष्कळदा तोच पत्करून पुढे जातो. शिवाय ज्या पडद्यावर लेखन चालू असते, त्याच पडद्यावर बँकेचा संदेश येतो, नातेवाइकांनी पाठवलेली लग्नाची छायाचित्रे येतात, क्रिकेटचा धावफलक येतो.

संदेश वाचायला फार तर दहा सेकंद लागतात, मग बिघडले काय, असे कोणी विचारील. नुकसान त्या दहा सेकंदांत होत नाही, ते त्यानंतर होते. अमेरिकेतील संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला, तरी त्याच्या लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. लेखनात हे फार महाग पडते. लिहिणारा मागचे वाक्य, हातातला शब्द आणि पुढे मांडायचा मुद्दा अशा तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरून असतो. मध्येच कोणी हाक मारली, तर पहिली गळते ती तिसरी गोष्ट. वाक्य पुरे होते, पण ते कशासाठी सुरू केले होते हे आठवत नाही.

या अडचणीवरचा एक उपाय परदेशात बरीच वर्षे वापरात आहे. फक्त खर्डा लिहिता येईल आणि दुसरे काहीही करता येणार नाही, असे पिशवीत मावणारे यंत्र हा तो उपाय होय. त्याचा इतिहास थोडा गमतीचा आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये टँडी कंपनीने टीआरएस-८० मॉडेल १०० हा वहीएवढा संगणक बाजारात आणला. त्याचा पडदा आठ ओळींचा होता, एका ओळीत चाळीस अक्षरे मावत आणि तो चार पेन्सिल सेलांवर चाले. बातमीदारांना तो फार सोयीचा वाटला. जिथे घटना घडली तिथेच बसून बातमी लिहायची आणि दूरध्वनीच्या तारेवरून ती कचेरीत धाडायची, असे त्यामुळे करता येऊ लागले. त्या संगणकात लक्ष विचलित करणारे फारसे काही नव्हते. मात्र कोणी मुद्दाम तसे ठरवले होते असे नाही. त्या काळी एवढ्या लहान यंत्रात त्याहून अधिक काही घालणे कठीणच होते.

पुढे १९९२ मध्ये केतन कोठारी आणि जो बॅरस या, अ‍ॅपल कंपनीत काम केलेल्या अभियंत्यांनी एक लहानशी कंपनी काढली. शाळेतल्या प्रत्येक मुलाला संगणक देणे परवडत नाही, पण प्रत्येकाच्या हाती कळफलक तरी देता येईल, असा त्यांचा विचार होता. १९९३ मध्ये त्यांचे अल्फास्मार्ट हे यंत्र आले. ज्या मुलांना हाताने अक्षर काढणे जड जाते, त्यांच्यासाठीही शाळांनी ते घेतले. त्याची २००४ साली आलेली निओ ही आवृत्ती सर्वांत नावाजली गेली. तिचे वजन एक किलोच्या आत होते आणि पडद्यावर एरवी चारच ओळी दिसत. तीन पेन्सिल सेलांवर ती सुमारे ७०० तास चाले. रोज दोन तास लिहिणाऱ्याला या हिशेबाने जवळजवळ वर्षभर सेल बदलावे लागणार नाहीत. कळ दाबताच यंत्र सुरू होई आणि आदल्या दिवशी जिथे सोडले होते तिथेच मजकूर सापडे. टंकलेले प्रत्येक अक्षर आपोआप साठवले जाई. शब्द तपासण्याची सोयही तिच्यात होती. पण मागितल्यावाचून ती पुढे येत नसे. लिहून झाल्यावर यंत्र तारेने संगणकाला जोडायचे आणि एक कळ दाबायची. मग एखादा अदृश्य टंकलेखक बसला असावा, तशी अक्षरे एकामागून एक संगणकाच्या पडद्यावर उमटत जात.

हे यंत्र शाळांसाठी काढलेले होते, पण त्याची खरी चाहती मंडळी निघाली ती कादंबरीकार आणि पत्रकार. २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबल्यावर अनेक लेखकांनी जुनी यंत्रे शोधून विकत घेतली. चार ओळींच्या त्या पडद्याचा एक गुण त्यांना उमगला होता. मागचे परिच्छेद दिसत नसल्यामुळे ते दुरुस्त करण्याचा मोहच होत नाही, आणि मन पुढच्या वाक्याकडे वळते. स्वस्ताईसाठी पत्करलेली उणीव अशा रीतीने यंत्राचे बळ ठरली.

असे का होते, याचे उत्तर यंत्रशास्त्रात शोधून सापडणार नाही. अमेरिकेतील लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये 'रायटिंग विदाउट टीचर्स' हे पुस्तक लिहिले. शब्द निर्माण करणे आणि शब्द पारखणे ही दोन वेगळी कामे आहेत; ती एकाच वेळी करू गेल्यास पारखणारा निर्माण करणाऱ्याचा गळा धरतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. म्हणून ठरलेली काही मिनिटे हात न थांबवता लिहीत राहावे, चुकांकडे पाहू नये, असा सराव त्यांनी सांगितला. एल्बो स्वतः हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना लेखन जमेना म्हणून शिक्षण सोडून बाहेर पडले होते. पुढे दुसऱ्या विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अर्ध्यावर शिक्षण सोडलेल्या माणसाने सांगितलेली ही रीत आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कारण लेखनाच्या वाटेतली ही धोंड सर्वांत जड असते ती प्रौढ वयात पुन्हा शिकू लागलेल्या माणसाला. वीस वर्षे यंत्रमाग चालवलेल्या कामगाराजवळ किंवा चार घरची कामे करून मुले वाढवलेल्या स्त्रीजवळ सांगण्यासारखे काही नसते, असे कोण म्हणेल? बोलताना त्यांची वाणी अडखळत नाही. लेखणी हातात आली, की मात्र वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, 'न' की 'ण', या विचारात पहिल्या ओळीलाच अर्धा तास जातो. त्यातच लाल रेघ उमटली, म्हणजे जुन्या शाळेतली छडी पुन्हा उगारल्यासारखी होते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी भाषकांची अडचण आणखी वेगळी असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतले पुष्कळ शब्द यंत्रात भरलेल्या कोशाला ओळखीचे नसतात. लिहिणाऱ्याचा शब्द अगदी नेमका असतो. तरी यंत्र तो चूक ठरवते आणि त्या जागी भलताच शब्द आणून बसवते. शुद्धलेखन महत्त्वाचे आहेच. परीक्षेत त्याला गुण असतात आणि वाचणाऱ्याच्या सोयीसाठीही ते हवे. पण त्याची जागा पक्क्या वहीत आहे. कच्च्या वहीत आजीच्या तोंडचा शब्द तसाच उतरू द्यावा.

अशी यंत्रे आजही निघतात, मात्र त्यांचा थाट बदलला आहे. अमेरिकेतील अ‍ॅस्ट्रोहाउस कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून तयार केलेले फ्रीराइट हे यंत्र २०१६ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागले. कागदासारखा दिसणारा पडदा, टंकलेखन यंत्राची आठवण करून देणारा कळफलक, आणि मजकुरात मागेपुढे फिरवणाऱ्या बाणांच्या कळाच नाहीत. किंमत होती सुमारे ५०० डॉलर. ज्या उणिवा टँडीच्या संगणकात नाइलाजाने होत्या आणि अल्फास्मार्टमध्ये काटकसरीमुळे आल्या, त्याच येथे हौसेने विकल्या जात होत्या! एवढ्या पैशात मिळते ते मुख्यतः इतर गोष्टींपासून संरक्षण. ज्याचे पोट लेखनावर चालते, त्याला तो व्यवहार पटेलही. इतरांच्या बाबतीत यंत्र कपाटात आणि लेखन मनात, असे होण्याचा संभव अधिक.

जपानमध्ये किंग जिम कंपनीने २००८ मध्ये पोमेरा नावाचे घडी घालता येणारे असेच यंत्र काढले. त्यात जपानी लिपीत लिहिण्याची पुरी व्यवस्था होती. अल्फास्मार्टच्या निओला देवनागरी येत नव्हती. मराठीत लिहिणाऱ्याने म्हणूनच यंत्राच्या मागे न लागता त्यातली युक्ती उचलावी, हे बरे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. आजच्या बहुतेक संगणकांत तो उपलब्ध असतो. तो शिकून घेतला, इंटरनेट बंद केले, शब्दतपासणी बंद केली, की जुन्या संगणकाचेही बऱ्यापैकी खर्डायंत्र होते. मोबाइलशिवाय दुसरे साधन नसेल, तर निदान विमानातली अवस्था चालू करून शब्द सुचवणारी सोय काढून टाकता येते. अर्थात एकाच घरात एकच मोबाइल असेल आणि कामावरून केव्हाही बोलावणे येत असेल, तर तो बंद ठेवा असे सांगणे सोपे आणि करणे अवघड. तिथे शंभर पानी वहीच खरी. तिच्यावर संदेश येत नाहीत, तिला सेल लागत नाहीत आणि देवनागरीचे तिला वावडे नाही. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेत जो उत्तरपत्रिका हाताने लिहिणार आहे, त्याच्या हाताला तेवढीच सवयही होते.

वहीचा एक तोटा मात्र कबूल केला पाहिजे. तिच्यातला मजकूर टंकायचा झाला, तर सारे काम पुन्हा करावे लागते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हा भुर्दंड लहान नाही, आणि अल्फास्मार्टसारख्या यंत्राचा मोठा उपकार हाच होता. पण पुन्हा उतरवताना वाक्ये आवळली जातात, पाल्हाळ गळतो, हेही तितकेच खरे.

राहता राहिला प्रश्न माहितीचा. लिहिता लिहिता एखादे साल आठवत नाही, गावाचे नाव नीट सुचत नाही, आणि ते पाहण्यासाठी म्हणून उघडलेल्या मोबाइलवर अर्धा तास कसा गेला ते कळत नाही. पत्रकारांमध्ये यावर एक जुनी तोड आहे. अडलेल्या जागी एक फुली मारायची आणि वाक्य पुढे न्यायचे. खर्डा संपला, की त्या फुल्या मोजाव्यात. दुसऱ्या दिवशी शब्दकोश, मोबाइल, शेजारचे जाणते गृहस्थ, ज्याची मदत मिळेल ती घेऊन एकेक फुली भरत जावे. तेव्हा संदेश आला तरी फारसे काही सांडत नाही.