अंदाजाला शिव्या, नोंदवहीला धूळ

एप्रिलच्या मध्यावर हवामान खाते मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करते आणि पारावर, एसटीत, वर्तमानपत्रांत त्याची टिंगल सुरू होते. २०१७ साली तर बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी खात्याविरुद्ध पोलीस ठाण्यातच तक्रार दिली. दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या उरावर बसतो त्याचा संताप मला पूर्ण मान्य आहे. मात्र ‘दीर्घकालीन अंदाज हे थोतांड, ते बंद करा’ हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला साफ नामंजूर आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आधी घेऊ. २००२ साली खात्याने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पडला ७८ टक्के. या चुका मोठ्या होत्या, त्यांची सारवासारव कोणी करू नये. खात्यानेही ती केली नाही. १९८८ पासून वापरात असलेले सोळा घटकांचे मॉडेल २००२ नंतर बाजूला ठेवले गेले आणि पद्धत पुढेही बदलत राहिली. २०१५ च्या जूनमध्ये अंदाज होता ८८ टक्क्यांचा, पाऊस झाला ८६ टक्के. म्हणजे तुटीचा इशारा पावसाळ्याच्या तोंडावरच हाती होता. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. चुकलेला अंदाज आपण वर्षानुवर्षे उगाळतो. बरोबर ठरलेला अंदाज ऐकून धरणातले पाणी कोणी वेळीच राखून ठेवले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो : उद्याचे धड सांगता येत नाही, मग चार महिन्यांचे काय सांगणार? पण हे दोन प्रश्नच वेगळे आहेत. उद्या कुठे ढग फुटेल हे क्षणोक्षणी बदलणाऱ्या वाऱ्यांवर ठरते. चार महिन्यांची गोळाबेरीज मात्र बऱ्याच अंशी समुद्राच्या तापमानासारख्या संथपणे बदलणाऱ्या गोष्टींवर ठरते. चार्नी आणि शुक्ला या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच मांडले. प्रशांत महासागरातला एल निनो म्हणूनच आपल्या पावसाशी जोडला जातो. हे नाते पोलादी नाही. १९९७ चा एल निनो प्रचंड होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून तर अंदाज शक्यतेच्या भाषेत दिला जातो. ती शक्यता मुख्यतः संपूर्ण देशाची असते. माण-खटावच्या एखाद्या शिवाराची तारीख तिच्यात शोधणे चूक आहे.

तिसरा पक्ष म्हणतो, आपली जुनी ठोकताळ्यांची विद्याच बरी. पर्जन्यनक्षत्रांचा मला आदर आहे. मृग, आर्द्रा ही ऋतूची पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मोजदाद आहे. पण नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव यावरून पावसाचा अंदाज बांधणे, किंवा अक्षय तृतीयेला भेंडवळला होणाऱ्या घटमांडणीवर पेरणीचा निर्णय सोडणे, हे वेगळे. तिथे किती भाकिते फसली याचा हिशेब कोणी मांडून ठेवला आहे? खात्याची चूक आपल्याला दाखवता येते, कारण अंदाजाचा आकडा आणि पडलेल्या पावसाचा आकडा दोन्ही छापलेले असतात.

आता माझा पक्ष. आपले दुखणे अंदाजापेक्षा नोंदीत आहे. १९०४ ते १९२४ वेधशाळांचे महासंचालक असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचे कोडे सोडवताना जगभरातल्या नोंदींचे आकडे ताडून पाहत होते. त्यातूनच प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यांना उमगला. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी ३०६ पर्जन्यमापकांवरून १८७१ पासूनची मालिका उभी केली. ती नसती तर ‘सरासरी’ हा शब्दच पोकळ ठरला असता.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७५ देखील नाही. कुलाब्याची एकच नोंद असती, तर कागदोपत्री त्या दिवशी मुंबईत साधा पाऊस झाला असता! हवामान खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच उपविभागात महाबळेश्वरही येते आणि सोलापूरही. त्यांची सरासरी माणमधल्या दहिवडीच्या शेतकऱ्याने कशाशी खायची?

आज महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी, आणि मदतीचे पंचनामे त्या आकड्यावर. फळपीक विम्याचे पैसेही अशाच केंद्रांच्या नोंदींवर ठरतात. मापक झाडाखाली असला, भिंतीला खेटून असला, नरसाळ्यात पाला अडकला, की पाऊस पडूनही आकडा कमी भरतो आणि मंडळातले प्रत्येक गाव फसते. आडोशाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर मापक हवा, एवढा साधा नियम गावकऱ्यालाही टेप लावून तपासता येतो. ग्रामसभांनी तो तपासावा. शासनाने प्रत्येक मंडळाची रोजची नोंद, केंद्राच्या जागेचे छायाचित्र आणि बंद पडलेल्या दिवसांची यादी कोणालाही पाहता येईल अशी खुली ठेवावी. तहसील कचेऱ्यांत कसरीने खाल्लेल्या जुन्या पर्जन्यनोंदी उरल्यासुरल्या आहेत तोवर उतरवून घ्याव्यात. आणि खात्याने दर एप्रिलच्या अंदाजासोबत मागच्या वीस वर्षांतले आपले बरोबर-चूक छापावे.