डिमसम: बसून खावे की पार्सल आणावे?



कुर्ल्यात राहणाऱ्या आपल्या घरांत चायनीज म्हणजे पूर्वी नूडल्स आणि मंचुरियन एवढेच होते. २०११ मध्ये एलबीएस मार्गावर फिनिक्स मार्केटसिटी सुरू झाला. स्टेशनवरून शेअर रिक्षा जाते त्या बीकेसीत लंडनच्या 'याउआचा' या डिमसमसाठी प्रसिद्ध असलेल्या चहागृहाची शाखा आली. रस्त्यावर मोमोच्या गाड्या तर कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. आता नातवंडे मोबाइल पुढे करून म्हणतात, "आजी, बघ, यात जैन डिमसम पण आहे. मागवू?"

माझे मत आधीच सांगते. डिमसम खायचेच असतील तर शुद्ध शाकाहारी हॉटेलात, दिवसाउजेडी, बसून आणि विचारून खावेत. पार्सल मागवू नये. बऱ्याच जणींना हे उलटे वाटेल. पार्सल घरी येते, आपल्या ताटात वाढता येते, मग तेच बरे नाही का? माझ्या मते नाही, आणि त्याला कारणे आहेत.

डिमसम हा झाकलेला पदार्थ आहे. भाजीत काय घातले ते डोळ्यांना दिसते, डिमसममध्ये दिसत नाही. मोदकासारखी पारी, आत सारण, आणि वाफवलेले. मूळचा हा दक्षिण चीनमधल्या कँटनकडचा प्रकार, आणि तिकडे सारण बहुधा कोळंबीचे किंवा डुकराच्या मांसाचे असते. आपल्यासाठी सारण बदलतात, पण बाकीची कृती तीच राहते.

मेनूवर 'जैन' लिहिले की हॉटेलवाल्याच्या मनात एवढेच असते: कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आपला नियम तेवढ्यावर संपत नाही. काचेसारखी पारदर्शक दिसणारी पारी गव्हाच्या स्टार्चमध्ये टॅपिओका स्टार्च मिसळून करतात. टॅपिओका कसाव्याच्या कंदापासून निघतो, आपला साबुदाणाही त्याचाच. काही ठिकाणी बटाट्याचे स्टार्चही घालतात. सारणात मशरूम असते. बांबूचे कोवळे कोंब असतात, तेही अनंतकायात मोजले जातात. 'वॉटर चेस्टनट' वाचून शिंगाडा असेल असे वाटते. पण आपला शिंगाडा पाण्यावर पसरणाऱ्या वेलीचे फळ आहे. चिनी वॉटर चेस्टनट ही वेगळीच वनस्पती, आणि तिचा खायचा भाग म्हणजे चिखलात वाढणारा कंद. चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्या घरांसाठी कोबी आणि पाकचोय हाही प्रश्न आहेच. सोबतच्या लाल चटणीत लसूण असतेच असते, आणि व्हिनेगर चालते का हे कोणी विचारतही नाही.

मी कॉमर्स शिकले. व्हाउचर नसलेली नोंद वहीत मांडायची नाही, हे तेव्हा अंगवळणी पडले. मोबाइलवरचे 'जैन' हे बटण मला तशीच नोंद वाटते. पार्सल आणणाऱ्या मुलाला आत काय आहे ते ठाऊक नसते. ज्याने केले तो कुठे आहे, त्याच्या स्वयंपाकघरात आणखी काय शिजते, हे आपल्याला ठाऊक नसते. आमच्या ओळखीच्या एका घरी 'जैन' म्हणून आलेल्या डब्यात मशरूम निघाले. फोन केला तर उत्तर मिळाले, "मॅडम, मशरूम तो वेज है।" तो मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी वेज आणि जैन यांत तेवढाच फरक होता.

हॉटेलात बसल्यावर मात्र विचारता येते. पारी कशाची? सारणात काय काय? चटणी वेगळी द्याल का? वेटरला ठाऊक नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो. उत्तर नीट मिळाले नाही तर उठून यायची मोकळीक असते. पार्सलचे पैसे आधीच गेलेले असतात, भुकेली मुले डब्याभोवती बसलेली असतात, आणि मग "आजच्या दिवस चालू दे" असे होते.

शुद्ध शाकाहारी हॉटेलच का, तेही सांगते. डिमसम बांबूच्या टोपल्यांत ठेवून, टोपलीवर टोपली रचून वाफवतात. खालच्या टोपलीची वाफ वरच्या टोपलीतून जाते, वरचे पाणी खाली ठिबकते. मांसाहारी स्वयंपाकघरात आपली टोपली त्याच उतरंडीत असेल तर सारण कितीही जैन असले तरी काय उपयोग?

आता वेळेचे. कँटनी लोकांत डिमसम हे रात्रीचे जेवण नाही. सकाळपासून दुपारपर्यंत चहासोबत खायची ती गोष्ट. त्या बैठकीला ते 'यम चा' म्हणतात, म्हणजे चहा पिणे. हे तर आपल्याला सोयीचेच झाले! मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीलाही सव्वासातच्या थोडा पुढे. पार्सल बहुतेक वेळा आठ-नऊला येते, सगळे ऑफिसातून परतल्यावर. सारण शुद्ध, चटणी शुद्ध, आणि जेवण रात्रीचे! रविवारी दुपारी सगळ्यांना घेऊन जाणे काय कठीण आहे?

काही जणी म्हणतील, एवढी चौकशी करायची तर खाताच कशाला? ज्यांचा बाहेरच्या खाण्याचा त्याग आहे त्यांना मी नमस्कार करते. पण सून, लेक, नातवंडे बाहेर खाणारच आहेत. त्यांना "नको" एवढाच शब्द दिला तर ती आपल्यामागे खातील आणि काहीच विचारणार नाहीत. आपल्याबरोबर बसून खाल्ले तर विचारायला शिकतील. चारचौघांत वेटरला पाच प्रश्न विचारायची मुलींना लाज वाटते, ती आपण घालवायची. आपण काही जगावेगळे मागत नाही. चिनी बौद्धांच्या शाकाहारी परंपरेतही कांदा-लसूण वर्ज्य आहे. ते तर हिंगही खात नाहीत!

घरात कोणी आजारी असेल, म्हातारे असेल, बाहेर जाणे जमत नसेल, तर पार्सलऐवजी घरीच करावेत. ज्या हातांना मोदकाच्या कळ्या पाडता येतात त्यांना डिमसम काय अवघड! मैदा किंवा तांदळाच्या उकडीची पारी घ्यावी. सारणाला पनीर, कोवळा मका, सिमला मिरची, फरसबी, वरून मिरपूड. चाळणीत केळीचे पान घालून आठ-दहा मिनिटे वाफ द्यावी. भाजलेले तीळ, हिरवी मिरची आणि लिंबाची चटणी करावी. नातवंडांना कळ्या पाडायला बसवावे. पोळपाटाशी बसून पारीत काय घातले ते ज्या मुलाने पाहिले, ते मूल उद्या हॉटेलात गेल्यावर "यात काय आहे?" असे आपणहून विचारील.