रोग आणि औषध

फ्रेंच होड्यांचे आराखडे मी इंग्रजीत आणतो, असे सांगितले की लोक म्हणतात, "त्यात काय कठीण? शब्दकोश उघडायचा!" त्या शब्दकोशाने मला किती वेळा बुडवले आहे, हे त्यांना काय ठाऊक!

फ्रेंच खलाशी 'मिझेन' म्हणतो, इंग्रज 'मिझन' म्हणतो. कानाला जुळी भावंडे! पण तीन डोलकाठ्यांच्या गलबतावर फ्रेंचांची मिझेन सर्वांत पुढे आणि इंग्रजांची मिझन सर्वांत मागे. मागच्या काठीला फ्रेंच म्हणतात 'आर्तिमाँ'. शिडाचा कोपरा ओढून धरणारा दोर म्हणजे फ्रेंचांची 'एकूत'. इंग्रजीत तिची होते 'शीट'. घरात शीट म्हणजे चादर, होडीवर मात्र दोर!

पण माझी खरी फजिती केली ती 'देरीव्ह' या शब्दाने. वाऱ्याच्या रेट्याने होडी आडवी सरकते, त्या सरकण्याला फ्रेंच 'देरीव्ह' म्हणतात. आणि ते सरकणे रोखण्यासाठी तळातून पाण्यात सोडतात त्या फळीलाही 'देरीव्ह'च! रोगाचे आणि औषधाचे नाव एकच. इंग्रजीत पहिल्याला 'लीवे', दुसऱ्याला 'सेंटरबोर्ड'.

एका कोष्टकात होडीला लागणाऱ्या पाण्याचे दोन आकडे होते. 'देरीव्ह ओत' : ०.७० मीटर, 'देरीव्ह बास' : १.६० मीटर. मी बेधडक लिहिले, 'जास्त सरकण' आणि 'कमी सरकण'. आठवड्याने होडी बांधणाऱ्या इंग्रजाचे पत्र आले : "मालकाच्या खाडीत ओहोटीला जेमतेम मीटरभर पाणी उरते. यातला कोणता आकडा धरू? मालक होडीच नको म्हणतो आहे."

मी आराखडा पुढे ओढला. तळाशी तुटक रेघांनी काढलेली फळी माझ्याकडे बघत होती! ती वर ओढली की सत्तर सेंटिमीटर पाणी पुरे. खाली सोडली की एक मीटर साठ हवे. म्हणजे खाडीत फळी वर घेऊन होडी सुखाने तरंगणार होती. कान पकडून मी दुरुस्ती कळवली. तेव्हापासून आधी चित्रातल्या वस्तूवर बोट ठेवतो, ती काय काम करते ते पाहतो आणि मगच तिचे नाव शोधतो.

ही हकीकत घरात सांगितली, तेव्हा हिला मुळीच नवल वाटले नाही. म्हणाली, "त्यात काय एवढे? तुम्ही भाषांतराला घेता तो उतारा, आणि विषावर देतात तोही उताराच की!"