घरातला खेळ : पटावर मुलीलाही बसवा



लांज्यात आषाढाचा पाऊस लागला की मुलांना घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्यात लाइटही जाते. गेल्या पावसात आम्ही कपाटातला बुद्धिबळाचा पट काढला आणि मुलाला शिकवू लागलो. धाकटी बाजूला बसून बघायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अब्बा, भाईने पट आडवा मांडलाय." खरेच तसे होते. तिला शिकवायचे आमच्या मनातही आले नव्हते, याची लाज वाटली. आता दोघे समोरासमोर बसतात. त्यांना सांगितले तेच इथे देतो.

पटावर 64 घरे, दोन्हीकडे 16-16 मोहरे. प्रत्येकाच्या उजव्या हाताचे कोपऱ्यातले घर पांढरे हवे. कोपऱ्यांत हत्ती, त्यांच्या आत घोडे, मग उंट, मध्ये वजीर आणि राजा. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या घरात. पुढच्या रांगेत आठ प्यादी. पहिली चाल पांढऱ्याची.

हत्ती सरळ, उंट तिरका, वजीर दोन्ही प्रकारे. घोडा अडीच घरे. मोहऱ्यांवरून उडी मारणारा तो एकटाच. राजा कुठल्याही दिशेला एक घर. प्यादे सरळ एक घर चालते, मारते मात्र तिरके. पहिल्या चालीत त्याला दोन घरेही जाता येते. यावर आमच्याकडे वाद झाला, कारण दादा जुन्या देशी पद्धतीने खेळलेले; त्यांचे प्यादे पहिल्यांदाही एकच घर जाई. म्हणून नियम आधी ठरवा. स्पर्धेत दोन घरांचाच नियम चालतो.

राजावर हल्ला म्हणजे शह. हा शब्द फारसी 'शाह'वरून, म्हणजे राजावरूनच आला. शह मिळाला तर राजा हलवा, मध्ये मोहरा घाला किंवा शह देणारा मोहरा मारा. तिन्ही जमत नसेल तर मात. शह नाही, पण एकही चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. जिंकत आलेल्याने इथे सांभाळावे.

प्यादे मागे फिरत नाही; शेवटच्या रांगेत पोहोचले तर त्याचा वजीर होतो. 1933 साली ब्रिटनमधले अजिंक्यपद पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी तिसऱ्यांदा मिळवले. त्याच वर्षी तिथले महिलांचे अजिंक्यपद फातिमा यांनी जिंकले. दोघेही सर उमर हयात खान यांच्या घरात कामाला होते. 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने वयाच्या 19 व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला. या दोघींना कुणीतरी पटावर बसवले होते.

तुमच्या घरातही बसवा. पैज लावू नका, आणि अजान झाली की डाव तसाच ठेवून उठा. पुढच्या महिन्यात किल्लेकोट शिकू.