संगणकातील दुसरा संगणक

हिशेबाच्या जुन्या प्रणालीत पंधरा-वीस वर्षांच्या खतावण्या असतात आणि ती नव्या विंडोजवर चालत नाही. म्हणून कित्येक पेढ्यांवर नव्या संगणकातच एक आभासी संगणक उभारून त्यात जुनी विंडोज चालविली जाते. २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे असते आणि नेमका त्याच दिवशी तो रखडतो. मुनीमजी नवा संगणक घेण्याचे सुचवितात. बहुधा त्याची गरज नसते.

दोष पुष्कळदा प्रोसेसरच्या वाटणीत असतो. चार कोअरपैकी चारही आभासी संगणकास दिले, की मूळ विंडोज व तो एकाच गल्ल्यावर हात टाकतात आणि दोघेही खोळंबतात. जुनी हिशेब-प्रणाली बहुधा एकाच कोअरवर काम करते. तिला दोन पुरतात. अपरिग्रह येथेही उपयोगी पडतो, हे थोडे नवलच!

दुसरी बाब बायोसची. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये आभासी संगणकासाठी प्रोसेसरमध्येच खास सोय केली. मात्र अनेक मदरबोर्डांवर ती मुळात बंद असते. चालू केली, तरी मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपला, की ती पुन्हा बंद होऊ शकते आणि कालपर्यंत चालणारा आभासी संगणक आज उघडतच नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या माहितीत ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.

कोअरची संख्या बदलण्यापूर्वी आभासी संगणक रीतसर बंद करावा. नुसता स्थगित ठेवल्यास ती बदलता येत नाही.